काणी येते ती बेण्याच्या गाडीतून



लागणीचे दिवस जवळ आले की आमच्या शेती खात्यात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, बेणं कुठलं घ्यावं?" विचारणाऱ्याची अपेक्षा अशी की आम्ही वाणाचे नाव सांगावे. कोणाच्या मनात को ८६०३२ असतो, कोणाच्या मनात २६५. वाणाचा विचार हवाच. पण त्याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ज्या प्लॉटातून हे बेणे येणार, त्या प्लॉटात गेल्या उन्हाळ्यात काणीचे चाबूक निघाले होते काय? हा प्रश्न फार थोडे सभासद विचारतात. त्यातून बेणे देणारा पाहुण्यातला किंवा बांधाला बांध लागून असलेला शेजारी असला, म्हणजे तर विचारायला तोंडच उघडत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते बेण्याच्या व्यवहाराला तंतोतंत लागू आहे.

काणी पाहिली नाही असा ऊसकरी विरळा. शेंड्यातून पोंग्याच्या जागी काळा चाबूक बाहेर पडतो. कधी तो वीतभर असतो, कधी दोन हात लांब वाढून वाकतो. सुरुवातीला त्यावर चांदीच्या वर्खासारखा पातळ पापुद्रा असतो. तो फाटला की आतली काळी भुकटी वाऱ्यावर उडू लागते. अंगरख्याला लागली तर काजळीसारखी चिकटते. काही नवे सभासद त्याला तुरा समजतात, पण तुरा पांढरट आणि पिसासारखा फुललेला असतो, हा सरळ काळा दांडा. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बी. शास्त्रात त्याला बीजाणू म्हणतात. एकेका चाबकात ते कोट्यवधी असतात. या रोगाची पहिली नोंद १८७७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात झाली. पुढे ऊस जिथे जिथे गेला तिथे तिथे काणी कधी ना कधी पोचली. ऑस्ट्रेलियाचे ऊसकरी पुष्कळ वर्षे तिच्यापासून सुटले होते. पण १९९८ मध्ये तिथल्या पश्चिमेकडच्या ऑर्ड नदीच्या खोऱ्यात आणि २००६ मध्ये क्वीन्सलँडच्या मुख्य ऊस पट्ट्यात ती सापडलीच.

आपल्याकडे जुन्या सभासदांना को ७४० आठवत असेल. महाराष्ट्रात या वाणाने अनेक वर्षे राज्य केले. साखर चांगली, खोडवा चांगला, पण काणीला अतिशय बळी पडणारा. शेवटी तो मागे पडला, त्याला जी कारणे झाली त्यात काणी हे एक मोठे कारण. को ८६०३२ हा त्या मानाने काणीला दाद न देणारा म्हणून शिफारशीत आला. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी काणीची धास्तीच सोडून दिली. प्रतिकारक वाण म्हणजे रोग होतच नाही असा वाण, ही समजूत बरोबर नाही. त्यात रोग कमी येतो, उशिरा येतो. पण तेच बेणे वर्षानुवर्षे खोडव्यातून, निडव्यातून तोडून लावीत राहिले तर रोग थोडा थोडा साचत जातो.

रोग पिकात शिरतो कोठून?

हे समजून घेतल्याशिवाय औषधाचा पैसा सत्कारणी लागत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

आपल्या उसावर हवेतून रोज नाना प्रकारच्या बुरशींचे बीजाणू पडत असतात. त्यातले जवळजवळ सगळे वाया जातात. कारण झाडालाही कातडी असते आणि तिच्यावर मेणाचा थर असतो. तो ओलांडणे सोपे नाही. ज्या बुरशी रोग करतात त्यांनी आपापले दार शोधून ठेवलेले असते.

तांबेऱ्याचे घ्या. पानावर रात्रभर दव राहिले की त्याचा बीजाणू रुजतो. त्याचा बारीक धागा पानावरून सरपटत जातो आणि पानाची श्वासाची छिद्रे असतात तिथून आत शिरतो. दार उघडेच असते, फक्त ओलावा लागतो. म्हणून दाट, हवा न खेळणाऱ्या उसात तांबेरा जास्त. भातावरचा करपा याच्या उलट. तो उघडे दार शोधत नाही, भिंतीलाच भोक पाडतो. पानाला चिकटून एक बारीकशी फुगीर गाठ तयार करतो, तिच्यात पाण्याचा दाब साठवतो आणि त्या दाबाने खिळा ठोकल्यासारखा आत घुसतो. हा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ८० पट असतो असे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. मोटारसायकलच्या चाकात आपण हवा भरतो, त्याच्या साधारण ४० पट! डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची ही ताकद.

अननस रोगाचे दार म्हणजे टिपरीची कापलेली दोन टोके. ती उघडी जखमच. जमिनीतली बुरशी तिथून आत जाते, टिपरी आतून लाल आणि मग काळी पडते, फोडली तर पिकलेल्या अननसाचा वास येतो. थंडीत किंवा पाणी साचलेल्या सरीत उगवण रेंगाळली की हा रोग हात धुऊन घेतो. लाल कूज पेराच्या गाठीतून, पान गळलेल्या खुणेतून, मुळांच्या ठिपक्यांतून किंवा खोडकिड्याने पाडलेल्या भोकातून शिरते. ऊस उभा चिरला तर लाल भागात मधूनच पांढरे आडवे पट्टे दिसतात आणि आंबूस, दारूसारखा वास येतो. खोडवा खुजा राहण्याचा एक रोग जिवाणूमुळे होतो आणि तो तर तोडणीच्या कोयत्यावरून एका उसातून दुसऱ्या उसात जातो. गवताळ वाढीचा रोग बुरशीचाही नाही, जिवाणूपेक्षाही साध्या सूक्ष्म जिवाचा आहे. तो रोगट बेण्यातून येतो आणि तुडतुडे तो पसरवतात.

आता काणी. काणीचे दार आहे उसाचा डोळा.

उडालेली भुकटी उभ्या उसाच्या डोळ्यावर येऊन बसते, किंवा जमिनीत पडलेली भुकटी टिपरीच्या डोळ्याला लागते. ओलावा मिळाला की काही तासांत बीजाणू रुजतो. इथे एक गंमत आहे. एकट्या बीजाणूच्या पोरांना रोग करता येत नाही. दोन वेगवेगळ्या जातींची पोरे भेटली, एकमेकांत मिसळली, तरच रोग करणारा धागा तयार होतो. भुकटीच इतकी असते की त्यांना जोडीदार शोधायला फार लांब जावे लागत नाही. हा धागा डोळ्यावरच्या खवल्यांच्या खाली, जिथे कातडी कोवळी असते तिथून आत जातो आणि दोनेक दिवसांत डोळ्याच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे वाढीच्या टोकापर्यंत पोचतो.

पोचल्यावर तो लगेच काही करीत नाही, आणि खरा धोका इथेच आहे. तो उसाला मारीत नाही, कुजवीत नाही, डाग पाडीत नाही. नुसता बसून राहतो. डोळा उगवला की त्याच्याबरोबर वाढतो, फुटव्यात शिरतो, आणि दोन ते चार महिन्यांनी वाढीच्या टोकाचाच चाबूक करून टाकतो. पण डोळा उभ्या उसावरच असेल आणि उगवलाच नाही, तर बुरशीही तशीच निजून राहते. तो ऊस उंच वाढतो, जाड होतो, पाहणाऱ्याला दृष्ट लागावी असा दिसतो. आपण तो बेण्याला तोडतो. बेण्याच्या गाडीत बसून काणी आपल्या रानात येते. भाडे आपण भरतो.

म्हणून "साहेब, ऊस तर एक नंबर दिसतोय की" या बोलण्यावर आम्ही बेणे पास करीत नाही, आणि त्यावरून आम्हाला पुष्कळ वाईटपणा घ्यावा लागतो. निरोगी दिसणारे बेणे आणि निरोगी बेणे यांत फरक आहे. तो डोळ्यांनी टिपरी पाहून कळत नाही, प्लॉटाचा इतिहास पाहून कळतो.

हिशेब करून पाहा. दोन डोळ्यांच्या टिपऱ्या एकरी १० ते १२ हजार लागतात. शंभरात दोनच टिपऱ्या रोगट निघाल्या तरी एकरात दोनशे ते अडीचशे बेटे काणीची. अशा बेटात बारीक, ताठ, गवतासारखे फुटवे भरमसाट येतात, पाने अरुंद होतात, गाळपालायक ऊस मोजकाच राहतो आणि त्याच्या रसात साखरही कमी. वर प्रत्येक बेट भुकटी उडवणारा कारखानाच. पहिल्या वर्षी नुकसान फार जाणवत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. खोडव्यात तेच बेट पुन्हा फुटते आणि शेजारची चार घेऊन फुटते.

ज्वारीचा अनुभव इथे का चालत नाही

पुष्कळ सभासद म्हणतात, "ज्वारीच्या काणीला बियाण्याला गंधक चोळलं की काणी जाते, मग उसाला औषधात बुडवलं की झालं." ज्वारीच्या दाणे काणीचे बीजाणू दाण्याच्या बाहेर चिकटलेले असतात. गंधकाशी त्यांची थेट गाठ पडते, म्हणून ते मरतात. उसाची काणी डोळ्याच्या आत बसलेली असते. वरून टिपरी औषधात बुचकळून आतल्या बुरशीचा पुरता बंदोबस्त होत नाही. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डॅझिम मिसळून टिपऱ्या १० मिनिटे बुडवायची शिफारस आहे, ती जरूर पाळावी. तिने कापलेल्या टोकांचे रक्षण होते आणि डोळ्यावर बाहेर पडलेले बीजाणू आटोक्यात येतात. पण रोगट बेणे तिने निरोगी होते असे समजू नये. (पूर्वी यासाठी पाऱ्याची औषधे वापरीत. त्यांवर आता सरकारी बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा पडला असेल तर त्याला हात लावू नये, गट कार्यालयाला कळवावे.)

आतल्या बुरशीला उपाय उष्णतेचा. बुरशी जेवढी उष्णता सोसते त्याहून थोडी अधिक उष्णता उसाचा डोळा सोसतो. या थोड्याशा फरकावर सगळा खेळ आहे. ही कल्पना जुनीच आहे. गव्हाची काजळी काणीसुद्धा दाण्याच्या आत असते. तिच्यासाठी १९३० च्या दशकात पंजाबात लुथ्रा या शास्त्रज्ञांनी गहू काही तास पाण्यात भिजवून मे-जूनच्या कडक उन्हात वाळवण्याची पद्धत घालून दिली होती, आणि ती शेतकऱ्याला फुकट पडत होती. उसाच्या टिपरीला ऊन पुरत नाही. तिला संयंत्रात ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास ठेवतात, किंवा ५० अंशाच्या गरम पाण्यात दोन तास. तापमान वर गेले तर डोळे उकडतात, खाली राहिले तर काणी जिवंत राहते. घरी चुलीवर हंडा ठेवून हा प्रयोग कोणी करू नये. दरवर्षी एखादा उत्साही सभासद करतोच, आणि मग उगवण झाली नाही म्हणून आमच्याकडे येतो.

प्रक्रिया केलेल्या बेण्याची उगवण थोडी कमी येते आणि खर्चही होतो, म्हणून सगळ्या क्षेत्रासाठी ती करणे परवडत नाही. यासाठीच त्रिस्तरीय बेणेमळा आहे. प्रक्रिया केलेल्या बेण्याचा मूलभूत मळा, त्यातून पायाभूत, त्यातून प्रमाणित, आणि तिथून सभासदाच्या रानात. एक एकर बेण्यात साधारण आठ ते दहा एकर लागण होते, तेव्हा मूलभूत मळ्याच्या एका एकरातून दोन पायऱ्यांत ६४ ते १०० एकरांचे बेणे उभे राहते. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र यांच्याकडून येणारे बेणे आणि ऊतीसंवर्धित रोपे या साखळीच्या वरच्या टोकाला आहेत. साखळीतले बेणे तीन-चार वर्षांनी एकदा तरी प्रत्येकाने घ्यावे आणि जुने बेणे मोडावे. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. उष्णतेने आतला रोग जातो, पण पुढच्या रोगापासून संरक्षण मिळत नाही. काणीने भरलेल्या खोडव्याला लागून बेणेमळा केला तर वर्षभरात दोन्ही सारखेच.

अलीकडे ट्रेमधली रोपे लावण्याची पद्धत चांगली रुजली आहे. बेणे कमी लागते, नांग्या पडत नाहीत, आमचा तिला पाठिंबाच आहे. पण रोप हिरवेगार दिसले म्हणजे काम संपले असे नव्हे. रोप शेवटी एका डोळ्याचेच. तो डोळा कोणत्या प्लॉटातला, त्या उसाचे वय काय, खोडव्याचा तर नाही ना, हे रोपवाटिकावाल्याला विचारून घ्या. सांगायला जो टाळाटाळ करील त्याची रोपे रुपयाला चार मिळाली तरी घेऊ नका. तेच बाहेरून आणलेल्या बेण्याचे. अमक्या राज्यातला वाण एकरी शंभर टन देतो असे ऐकून रातोरात ट्रक भरून बेणे आणणारे आपल्यात आहेत. उत्तर प्रदेशात को ०२३८ या एकाच वाणाने बहुतेक क्षेत्र व्यापले होते. साखर उतारा वाढवणारा, खरोखर गुणी वाण. पण लाल कूज त्याच्यावर उलटली आणि तिथल्या शेतकऱ्यांना तो मोठ्या प्रमाणावर बदलावा लागत आहे. क्युबात असेच १९७९-८० च्या सुमारास झाले. बार्बाडोस ४३६२ हा एकच वाण सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या क्षेत्रावर होता, त्यावर तांबेरा आला आणि देशाची दहा लाख टनांहून अधिक साखर बुडाली. ज्या ट्रकातून वाण येतो त्याच ट्रकातून त्याचा रोगही येतो.

चाबूक दिसल्यावर

उन्हाळ्यात, विशेषतः एप्रिल ते जून, आठवड्याला एकदा सरी न सरी फिरावे. खोडव्यात तर आधीपासूनच. सकाळी लवकर, दव असताना आणि वारा पडलेला असताना जावे. दोघे असावे. एकाने चाबकावर ओले गोणपाट किंवा प्लॅस्टिकची पिशवी अलगद चढवून खाली आवळून धरावी, दुसऱ्याने मग चाबूक कापावा. भुकटी पिशवीतच राहिली पाहिजे. नंतर ते सबंध बेट मुळासकट खणून काढावे. नुसता चाबूक छाटून बेट ठेवले तर पंधरा दिवसांत तिथूनच दुसरे चाबूक निघतात. काढलेले सगळे जाळावे किंवा उकळत्या पाण्यात टाकावे. बांधावर टाकू नये, पाटात सोडू नये, जनावरांपुढे टाकू नये. पोरे हे चाबूक खेळायला घेऊन सगळ्या शिवारात काळी रंगपंचमी करतात, त्यांनाही आवरावे.

आमच्या एका गटात असे झाले. एका सभासदाच्या खोडव्यात चाबूक निघाले. शेजाऱ्याने सांगितले, आमच्या माणसाने सांगितले. उत्तर आले, "चार चाबूक निघालं म्हणून काय ऊस मोडायचा? माझं रान, माझा ऊस." रान त्याचे खरे, पण वारा काही त्याच्या सात-बारावर नाही. पुढच्या हंगामात वाऱ्याच्या अंगाला असलेल्या तीन प्लॉटांत काणी दिसली, आणि त्यातला एक प्लॉट शेजाऱ्याने दोन वर्षे राखलेला बेण्याचा होता. तो बेण्यातून बाद करावा लागला. कारखान्याचे नुकसान झाले ते झालेच, पण दोन घरांचे येणे-जाणे बंद झाले ते अजून सुरू नाही. सहकारात एकाच्या रानातला रोग एकाचा राहत नाही. म्हणून आम्ही गटातल्या चिटबॉयला सांगून ठेवले आहे की काणीचा प्लॉट दिसला तर नोंद करायची, मग तो प्लॉट कोणाचाही असो, संचालकाचा असला तरी.

खोडवा ठेवावा की मोडावा, हा नेहमीचा वादाचा मुद्दा. शंभर बेटे मोजावीत, प्लॉटाच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये अशी पाच ठिकाणी वीस-वीस. दहापेक्षा जास्त बेटांत काणी असेल तर खोडवा ठेवू नये. नांगरट करून धसकटे वेचावीत आणि मध्ये हरभरा, भुईमूग, सोयाबीन असे एखादे पीक घ्यावे. भुकटी कोरड्या जमिनीत बरेच दिवस तग धरते. ओलीत मात्र बीजाणू रुजतात आणि ऊस न मिळाल्याने मरतात. तेव्हा मधल्या पिकाचे पाणीही फुकट जात नाही. दहाच्या आत असेल तर बेटे काढून खोडवा ठेवता येईल, पण त्या प्लॉटातले बेणे कोणी मागितले तर देऊ नये.

काणीचे बेट काढून राहिलेला ऊस गाळपास चालतो काय, असे विचारतात. चालतो. त्याची नोंद रद्द होत नाही आणि तोडणीलाही मागे ठेवला जात नाही. तेव्हा त्या भीतीने काणी लपवण्याचे कारण नाही. बेट काढलेल्या जागी नांगी भरायची असेल तर ऊस लहान असतानाच निरोगी रोप लावावे. मोठ्या बांधणीनंतर ती जागा रिकामी राहिली तरी चालेल. ज्या सभासदांनी यंदा स्वतःपुरता बेणे प्लॉट राखला आहे त्यांनी प्लॉटचा गट नंबर, लागणीची तारीख आणि बेणे कोठून आणले हे आपल्या गट कार्यालयात लिहून द्यावे. बेणे ९ ते ११ महिन्यांचे होईपर्यंत आमचा माणूस दर महिन्याला येऊन पाहणी करील आणि तोडीच्या आधी पासचा शेरा देईल. शेरा नसलेल्या प्लॉटातून बेण्याची गाडी भरू नये.